ताईचा ठावठिकाणा

"आडनाव?" साहेबानं विचारलं.

मी सांगितलं. त्यानं समोरची रिकामी खुर्ची पायानं बाजूला सारली. मी उभीच राहिले.

माझी मोठी बहीण आखातात एका घरी कामाला होती. मालकीण मारायची. फोन काढून घेतलेला. कितीतरी दिवस तिचा आवाज नाही. तेच सांगायला मी पोलीस ठाण्यात गेले होते.

"तो देश आमच्या हद्दीत नाही," तो म्हणाला. "आणि तुमच्या बाया तिकडं कसली कामं करतात, ते आम्हाला सांगू नको."

शिपाई हसले. जयंतीला आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत माईकवर बोलणारी मी. गप्प बाहेर आले.

पुढं ताई त्या घरातून पळाली. केरळच्या एका नर्सनं तिला स्वतःच्या खोलीत लपवलं. नर्सच्या फोनवरून ती मला फोन करायची. दबक्या आवाजात.

मग एकदा तोच साहेब घरी आला. वर्दीत. आईला मावशी म्हणाला. आईनं ठेवणीतले कप काढले.

"मागं बोललो ते मनावर घेऊ नका. तिकडच्या पोलिसांशी बोलणं झालंय. पोरगी कुठंय ते कळू द्या, परत आणतो."

वर्दीतला माणूस आमच्या घरी पहिल्यांदाच चहा पीत होता. मी विश्वास ठेवला. नर्सचा नंबर दिला, पत्ता दिला.

त्याच आठवड्यात ताईला धरलं. नर्सनं रडत सांगितलं, ताईनं सोनं चोरल्याची तक्रार मालकिणीनं केलीय. साहेब ताईला शोधत होता, पण मालकिणीसाठी.

मी ठाण्यात गेले. "साहेब, आता हद्द कुठून आली?"

"चोरीचा मामला आहे. दोन देशांचं सहकार्य असतं. तुला नाही कळायचं."

"मारहाणीची तक्रार मी आधी आणली होती. तेव्हा कुठं होतं सहकार्य?"

"आवाज खाली. बाहेर हो."

मी हलले नाही. महिला शिपायांनी दंडाला धरून बाहेर काढलं. तिथून मी तडक एका वकीलबाईंकडं गेले आणि साहेबावर कोर्टात केस टाकली.

ताई अजून तिथल्या तुरुंगात आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी हल्ली एक मोटारसायकल उभी असते. स्वार बदलतात.

आई म्हणते, "केस मागं घे, बाई. लय लांब हात असतात त्यांचे."

लांब आहेत, बघितलं मी. केस मागं घेणार नाही. कुणी गोड बोलत आलं तरी ताईबद्दल एक शब्द घरात सांगणार नाही. काय विचारायचं ते कोर्टात विचारा. तिथं मी बोलणार आहे.