न घेतलेली चार इंजेक्शनं

बीरगांवच्या कारखान्यात तीस वर्षं क्रेन चालवलेला लहानू सुईला मात्र जाम भ्यायचा. पंधरा वर्षांपूर्वी त्याला कुत्रं चावलं तेव्हा पाच इंजेक्शनं सांगितली होती. त्यानं एकच घेतलं. उरलेल्या चारही वेळा बायकोला, शांताला, दवाखान्यात जातो म्हणून सांगितलं आणि पंडरीच्या बाजारात चहा पिऊन परत आला. ते कुत्रं धडधाकट राहिलं, तशी गोष्ट मिटली.

रिटायर झाल्यावर या मंगळवारी त्याला पुन्हा चावलं, पोटरीला, आणि कुत्रं पसार झालं. डॉक्टर अपर्णा मॅडमनी विचारलं, पूर्वी लस घेतली होती का? लहानूनं तोंड उघडायच्या आत शांता म्हणाली, "पाचही घेतले मॅडम, मीच धाडत होती यायले."

मॅडमना बरं वाटलं. पूर्ण लस झालेल्याच्या शरीरात तिची आठवण ठेवणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं जिवंत राहतात, म्हणाल्या. आता दोनच इंजेक्शनं पुरतील, पहिल्यांदाच चावलेल्याला थेट जखमेत द्यावी लागते ती दुखरी सुई नको. सुई टळतेय म्हणून हा गप्प बसला. एवढा थोराड माणूस, पण अक्कल सुईच्या टोकावर मावेल इतकी.

घरी आल्यावर मात्र भीतीनं त्याला गाठलं. कारखान्यातला गुलाबराव असाच कुत्रं चावून गेला होता, पाण्याचा पेला पाहून किंचाळत. लहानू तासातासाला पाणी पिऊन बघू लागला. घोट उतरला की हायसं वाटे, मग पुन्हा घशाशी काहीतरी अडकल्याचा भास होई. त्या पेशी आपल्या अंगात तयारच झाल्या नसतील, हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. शांता तर शेजारणींना सांगत सुटली होती, "काही होत नाही यायले, पाच डोस झाले आहेत."

शुक्रवारी शांतासोबत दुसऱ्या इंजेक्शनला गेल्यावर तो बाही वर करेना.

"मॅडम, तेव्हा मी एकच घेतलं होतं," तो म्हणाला. शांताकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

मॅडम चिडल्या, पण वेळ अजून गेली नव्हती. जखमेतली सुई आत्ताच, आणि लशीचे सगळे डोस. सुई पोटरीत शिरली तेव्हा तो कळवळला. शांता भिंतीशी उभी राहिली, जवळ आली नाही. बाहेर बाकावर बसल्यावरच ती बोलली, अगदी हळू.

"तुम्ही गेले असते, तर मी जन्मभर या मॅडमलेच शिव्या देत राह्यली असती. अन् पाच झाले म्हणून सांगणारी तर मीच होती."