मागचा एक्सल कुणाचा भारी?

गॅरेजमध्ये जुने नटबोल्ट साठतात तसे आमच्या जीपवाल्यांचे किस्से साठलेत. टाकवत नाहीत, आणि डब्यात हात घातला की एखादा टोचतोच. बरेचसे मी हसत सांगतो. एक मात्र चारचौघांत आजवर सांगितला नाही, कारण त्यात माझीच लाज जाते.

आम्ही तिघं. कसबा बावड्यात गॅरेज असलेला मी, जनावरांचे डॉक्टर आणि अण्णा. अण्णांची सगळी नोकरी कागलच्या एमआयडीसीत लोखंडी माल तपासण्यात गेली. दर रविवारी पन्हाळ्याच्या बाजूला चढावर चिखलात जीपा घालायच्या आणि मग मिसळीवर वाद, मागचा एक्सल कुणाचा भारी? चढाला सगळा भार मागच्या चाकांवर, त्यामुळं सगळी इज्जत ती चाकं फिरवणाऱ्या दांड्यावर. मी म्हणायचो, जाड तेवढा भारी. अण्णांचं एकच.

"जाडी बघू नका. टांगा आन् हातोडी मारा. बद्द वाजला तर आत चीर हाय, कामाचा न्हाय."

मी म्हटलं, अण्णा, एक्सल हाय, देवळातली घंटा न्हवं! मिसळवालासुद्धा हसला.

*

एकदा वाद मिटंना, म्हणून माझी आणि डॉक्टरांची जीप पाठीला पाठ लावून साखळीनं बांधली. कुस्तीच लावली म्हणा की! दोघांनी जागच्या जागी खड्डे पाडले. एक्सल दोन्ही शाबूत, डॉक्टरांचा बंपर तेवढा माझ्या साखळीला लोंबकळत आला. बांधावर एक ट्रॅक्टरवाला बघत थांबलेला.

"पावणं, एवढी ताकद हाय तर दोन खेपा ऊस तरी वढा की!"

*

अण्णांच्या जीपला जाड एक्सल मीच घातला. भंगारातला, पण मापाला डॉक्टरांच्यापेक्षा सरस. पुसताना केसाएवढी एक रेघ दिसली. ओरखडा असंल म्हटलं. हातोडी हाताशीच होती, पण वाजवून बघायचं म्हणजे अण्णांचं खरं मानल्यासारखं झालं असतं. ग्रीस फासलं, बसवला आणि अण्णांना म्हटलं, "आता हत्ती बांधा मागं."

*

तिसऱ्याच रविवारी चढावर काडकन आवाज झाला. अण्णांची जीप मागं घरंगळली. खाली डॉक्टर उभे होते, ते उडी मारून बाजूला झाले आणि अण्णांनी कशीबशी ब्रेकवर गाडी धरली. मी चाक खोलून तुटका तुकडा ओढून काढला. तुटलेल्या तोंडावर अर्धा भाग चकचकीत, अर्धा गंजलेला. म्हणजे चीर जुनी होती. तीच रेघ. डॉक्टर चिरडले असते, माझ्यामुळं. गंजावर मी चिखलाचा हात फिरवला आणि तुकडा फडक्यात गुंडाळला.

अण्णांनी विचारलं, "माझं काय चुकलं?"

मी म्हटलं, "क्लच झटक्यात सोडलासा, म्हणून तुटला."

*

त्या दिवसापासून अण्णांनी स्टिअरिंग सोडलं. "वय झालं, क्लच माझाच चुकला," म्हणाले. रविवारी डॉक्टरांच्या शेजारी बसून यायचे. डॉक्टर मिसळीवर आल्यागेल्याला अण्णांच्या क्लचची नक्कल करून दाखवायचे. लोक हसायचे, अण्णाही हसायचे. आणि मी? मीही हसायचो. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, तरी तोंड उघडलं नाही.

*

चार महिन्यांनी काही राहवेना. तो तुकडा पिशवीत घालून अण्णांच्या घरी गेलो. काकूंनी चहा ठेवला. मी फडकं सोडलं, गंज दाखवला, रेघ दिसलेली तेही सांगितलं. अण्णांनी तुकडा हातातसुद्धा घेतला नाही.

"तुम्ही चिखल लावायच्या आधीच बघितलं हुतं मी."

मी म्हटलं, मग क्लच माझाच चुकला म्हणून सगळ्यांना का सांगत बसलासा?

अण्णांनी बशीत चहा ओतला.

"त्या दिवशी तुम्ही लई भ्याला हुतासा."