थोडक्यात सांगणारी

“नका बघू. बाप पहिल्या दहा मिनिटांत मरतो, पोरगा दोन तास मारामाऱ्या करतो आणि शेवटाला कळतं, बाप मेलाच नव्हता. झालं.”

“अगं, मी आज बघणार होते तो,” नर्सबाई म्हणाली. “शेवट कशाला सांगितलास?”

“तुमचे दोन तास वाचवले. तेवढ्यात झोप काढा. डोळे बघा, ड्यूटी करून करून सुजलेत.”

“आणि तो अस्वलांचा? डॉक्युमेंटरी आहे, फार छान आहे म्हणे.”

“अस्वलं, बर्फ, झोप.”

नर्सबाई हसत सुटली. कडक केलेले चार पांढरे डगले हातावर घेत ती म्हणाली, “तुला एखाद्या पेपरवाल्यानं ठेवून घ्यायला पाहिजे गं.”

“ओळी मोजून पैसे देतात म्हणे ते. मी उपाशी मरेन.”

नर्सबाई गेली. इस्त्रीवालीचं हसू ओठांवरच राहिलं आणि सवयीनं तिची मान दाराकडं वळली. दाराजवळच्या खुर्चीत सासू बसली होती. मांडीवर बटणांचा डबा, समोर टीव्ही. दोघींचं हसणं म्हातारीनं पाहिलं होतं. पूर्वीची असती तर डबा खाली ठेवून आधी विचारलं असतं, “का गं हसली ती?” आता तिनं नुसतं पाहिलं, सुईत दोरा ओवला आणि कुणाच्या तरी शर्टाला तुटलेलं बटण लावायला घेतलं.

आठ महिने झाले, म्हातारी काही विचारत नव्हती.

घर दोन खोल्यांचं. मागं चूल, पाणी आणि झोपणं. पुढच्या खोलीत दुकान. लांब टेबल, त्यावर चौघडी घातलेलं जुनं ब्लँकेट, त्यावर जळक्या डागांची चादर. समोरच्या भिंतीला फळी, फळीवर टीव्ही. नवरा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर. आठवड्यातले सहा दिवस त्याचं घर म्हणजे त्याची सीट. मग घरात उरायच्या दोघी आणि टीव्ही. दिवसाला दोन सिनेमे तरी इस्त्रीखालून जायचे.

इस्त्रीवालीचं बघणं म्हणजे निम्मंच बघणं. कॉलर करताना मान खाली, पाठ करताना मान वर. पण शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या जातीची ती. निम्म्यातही तिला सगळं कळायचं, आणि कळलेलं ती चिमटीत धरून गिऱ्हाईकाच्या हातावर ठेवायची. “मध्यापर्यंत कडक, पुढं चुरगळला.” “नवरा नालायक, बायको शहाणी, कुत्रा मेला.” गल्लीत कुणाला काही बघायचं असलं की आधी कपडे घेऊन इथं यायचं, मग ठरवायचं. डॉक्युमेंटरीवर मात्र तिचा दातच होता. “गोष्ट नाही, गाणं नाही. कोण बोलतोय तो दिसत नाही, आणि गप्पही बसत नाही.”

सासूचं उलटं. तिला डॉक्युमेंटरीच आवडायची, त्यातही जनावरांची. कापडाच्या गिरणीत बत्तीस वर्षं मागावर काढलेली बाई. त्या खडखडाटानं दोन्ही कान खाल्ले होते. गिरणीतल्या बाया ओठांवरूनच एकमेकींशी बोलायच्या, त्यामुळं समोर तोंड करून बोललेलं तिला कळायचं. पण सिनेमातली माणसं कुठं समोर बघून बोलतात? कोण पाठ फिरवून बोलतो, कोण अंधारात. आणि परदेशातला सिनेमा लावला की म्हातारी वैतागायची, “हा मेला काय चघळतोय कळत नाही. ओठ भलतेच हलतात.” जनावरांचं बरं होतं. ती बोलत नव्हती, त्यामुळं म्हातारीचं काही सुटत नव्हतं.

पण तिचा डोळा म्हणजे डोळा होता. पडद्यावर बाई रडायला लागली की म्हातारी म्हणायची, “ही रडत नाहीये. हिच्या डोळ्यात कांदा पिळलाय.” डॉक्टर आला की, “ह्यानं हात धुतले नाहीत.” नवरा-बायकोच्या गोड सीनला, “हिला तो नको आहे. खांदा बघ कुणीकडं वळलाय.” आणि तासाभरानं बायको खरंच दुसऱ्याबरोबर निघून जायची. इस्त्रीवाली तोंडात बोट घालायची. म्हातारीच्या ह्या एकेका वाक्यात इस्त्रीवालीच्या सगळ्या तीन-तीन शब्दांच्या निकालांपेक्षा जास्त सिनेमा असायचा, पण ते तिनं गिऱ्हाइकांना कधी सांगितलं नाही. उलट एकदोन वाक्यं स्वतःच्या नावावर खपवली.

अडायचं ते एका ठिकाणी. मधेच म्हातारी विचारायची, “काय म्हणाला गं तो?”

पहिली काही वर्षं सून इस्त्री उभी करून, समोर येऊन, तोंड मोठं हलवून सांगायची. मग टेबलापासूनच सांगायला लागली. मग थोडक्यात. मग एके दिवशी हातात रेशमी काही होतं, नजर हलवता येत नव्हती, तेव्हा म्हणाली, “काही नाही, आत्या.” सासूला ती आत्या म्हणायची.

ते सोपं पडलं. पडद्यावर दोन भाऊ पंधरा वर्षांनी भेटून गळ्यात पडून बोलतायत, म्हातारी विचारतेय, काय म्हणतायत? काही नाही. म्हातारा मरताना पोरीला काहीतरी सांगतोय. काही नाही. म्हातारीला ते दोन शब्द खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचता यायला लागले. एकदा ती म्हणाली, “इतकी माणसं इतका वेळ तोंड हलवतात आणि काहीच बोलत नाहीत होय?” सून हसली. म्हातारीही हसली. तिथं ते हसण्यावारी गेलं.

फोनचंही तेच. म्हातारीची एक बहीण होती, सत्तरीला आली तरी सगळे तिला धाकटीच म्हणायचे. बसनं सहा तासांवर राहायची. तिच्याकडं साधा बटणांचा फोन, त्यात तोंड दिसायची सोय नाही. मग फोन सुनेनं घ्यायचा, धाकटीनं पाव तास बोलायचं, सुनेनं “हं, हं” करायचं आणि फोन ठेवून सासूला सांगायचं, “बरी आहे म्हणतात.”

“पाव तास नुसती बरीच आहे?”

“हो आत्या. सगळं बरं आहे.”

मागच्या वर्षी शाळा उघडायच्या आठवड्यात टेबलाखाली, टेबलावर, खुर्चीवर गणवेशांचे ढीग होते. सोमवारची दुपार. टीव्हीवर हिऱ्यांच्या चोरीचा सिनेमा, आगगाडीतला. तो तिनं अर्ध्यातून धरला होता आणि चोर कोण ते कळायच्या बेतात होतं, तेवढ्यात फोन वाजला. एका हातात इस्त्री, खांदा वर करून कानाला फोन. धाकटी होती. म्हणाली, “मला जरा बरं वाटत नाही गं. थोरलीला म्हणावं, येऊन जा.” त्यापुढंही ती बोलली. बराच वेळ बोलली. सून हं हं करत राहिली, कारण पडद्यावर लंगडा गार्ड टोपी काढत होता.

फोन ठेवल्यावर सासूनं विचारलं, “कुणाचा गं?”

“काही नाही.”

तिला सांगायचं नव्हतं असं नाही. सिनेमा संपल्यावर सांगू, असं मनाशी म्हणाली. सिनेमा संपला तर शाळेचा शिपाई गठ्ठा न्यायला आला. संध्याकाळी मनात हिशेब झाला: सांगितलं तर म्हातारी आत्ताच्या आत्ता पिशवी भरायला लागेल. नवरा बाहेरगावी. म्हणजे घेऊन आपणच जायचं, दोन दिवस दुकान बंद, आणि हे एवढे ढीग. रविवारी नवरा आला की सांगू. आणि ‘जरा बरं नाही’ म्हणजे काय, त्या वयात कुणाला बरं असतं?

शुक्रवारी धाकटी गेली.

सगळे तिच्या गावाला गेले. तिथं ओसरीत माणसं बसली होती. धाकटीचा मुलगा मावशीच्या समोर गुडघ्यावर बसला आणि तिला कळावं म्हणून सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “मावशी, सोमवारी आईनं फोन केला होता. चार दिवस दाराकडं बघत होती.”

म्हातारीनं ते वाचलं. मान वळवून सुनेकडं पाहिलं. आता सगळ्यांसमोर बोलणार, आणि बोलावंच, असं सुनेला वाटलं.

म्हातारी भाच्याला म्हणाली, “हो रे. माझ्याकडूनच राहिलं. गुडघे धरले होते.”

गुडघे धडधाकट होते. जन्मात कधी धरले नव्हते.

घरी आल्यावर सुनेनं चार शिव्यांची वाट बघितली. आठवडाभर बघितली. शिव्या आल्या असत्या तर मन हलकं झालं असतं, पण त्या आल्या नाहीत. बटणं लावणं, जेवणं, टीव्हीसमोर बसणं, सगळं तसंच. फक्त विचारणं बंद. सुनेनं आपण होऊन सांगायला सुरुवात केली. सिनेमा लागला की इस्त्री उभी करून समोर यायची आणि शब्दन् शब्द सांगायची: हा म्हणाला, तू का गेलीस, ती म्हणाली, तू बोलावलं नाहीस. म्हातारी मान डोलवायची आणि हात हलवायची. “राहू दे गं. मला दिसतंय. काम कर तू.” तिची ती बोचरी वाक्यं, कांद्याची, न धुतलेल्या हातांची, तीही गेली. पडद्यावर बाई रडली तर म्हातारी नुसती बघायची.

नर्सबाई गेली त्या दुपारी सून शर्टांवर पाणी शिंपडून, गुंडाळ्या करून ठेवत होती. मान वर केली तर टीव्हीवर आगगाडी. तोच सिनेमा. टीव्हीवाले काय, एकच सिनेमा दहादा वाढतात. तिनं रिमोट शोधला, तो गुंडाळ्यांखाली गेला होता, आणि तोवर लंगडा गार्ड डब्यात शिरला. तो टोपी काढण्याआधीच, न बघता, तिच्या तोंडून त्याचं वाक्य निघालं: “पेटी तिसऱ्या डब्यात आहे, आणि किल्ली माझ्याकडे.”

अक्षर न अक्षर. आठ महिन्यांपूर्वी एकदाच ऐकलेलं.

तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं. टीव्ही बंद केला. स्टूल ओढून सासूच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी.

“आत्या, त्या सोमवारी फोन आला होता. मावशींचा. मी तुम्हाला काही नाही म्हणाले.”

“माहीत आहे.”

“त्या म्हणाल्या, मला बरं वाटत नाही, थोरलीला म्हणावं, येऊन जा. मी रविवारवर ढकललं. गणवेश होते. आणि सिनेमा चालू होता.”

म्हातारीनं डब्याचं झाकण लावलं. बराच वेळ ती सुनेच्या तोंडाकडं बघत राहिली, ते मिटल्यावरसुद्धा. मग आठ महिन्यांत पहिल्यांदा तिनं विचारलं, “अजून काय म्हणाली?”

सुनेला काहीतरी द्यायलाच पाहिजे होतं. “म्हणाल्या... ताईची फार आठवण येते. ताईला म्हणावं, जपून राहा.”

“ताई ती मला कधी म्हणाली नाही,” सासू म्हणाली. “लहानपणापासून थोरले म्हणायची. रागावली की म्हातारे. खरं काय ते सांग.”

“आठवत नाही आत्या.”

“बराच वेळ बोलत होती ना? तुझा खांदा वर होता, मी बघत होते. एक गुंडाळी सोडून तू दुसरी घेतलीस, तरी बोलत होती.”

“हो.”

“त्यातलं एकही?”

सुनेनं डोळे मिटून पाहिलं. धाकटीचा घोगरा आवाज आठवत होता, मधे खोकला आला तो आठवत होता. विहिरीचं का आंब्याच्या झाडाचं, असलं काहीतरी लहानपणचं ती सांगत होती, बहुतेक हसलीसुद्धा होती. पण शब्द म्हणून हात घालावा तर तिथं लंगडा गार्ड उभा आणि त्याची ती हिऱ्यांची पेटी.

“मी ऐकलंच नाही,” ती म्हणाली. “हं हं केलं नुसतं.”

म्हातारीनं नुसती मान हलवली. खिडकीतून बाहेर बघत ती म्हणाली, “आमच्या दोघींचं काय ते तिच्याचपाशी होतं सगळं. मला निम्मं आठवत नाही.” मग सुनेच्या गुडघ्यावर एक हात ठेवला, जोर देऊन, उठायला आधार घ्यावा तसा, पण उठली नाही. “हसली होती म्हणालीस?”

हे सून मोठ्यानं बोलली नव्हती. ओठ हलले असतील.

“बहुतेक. खात्रीनं नाही सांगत आत्या.”

“नको सांगू खात्रीनं.”

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली.

“शर्ट वाळतील,” सासू म्हणाली. “पुन्हा पाणी मारावं लागेल.”

सून उठली. स्टूल भिंतीशी सरकवलं, इस्त्रीचं बटण चालू केलं, ओल्या बोटानं पत्रा तापला का बघितला. अजून नव्हता. सायकलवाला दारात येऊन म्हणाला, “झाले का आमचे?” ती म्हणाली, “बसा, पाच मिनिटं,” आणि गुंडाळीतला वरचा शर्ट सोडून तिनं कॉलर टेबलावर सपाट पसरली.