उलटी टांगलेली नळी

आमचे मामा खुर्चीत बसले की त्यांचा उजवा पाय हलायला लागतो. मग टेबल हलतं आणि पेल्यातलं पाणी हिंदकळतं.

"समुद्रातल्या नळ्यांची थरथर थांबवायला निघालेत," मामी म्हणतात, "अहो, आधी स्वतःचा पाय थांबवा!"

मामा हसतात. पाय चालूच.

मामांचं कामच ते. समुद्रतळाचं तेल वर आणणारी लांब, लवचीक नळी पाण्यात लोंबत असते. प्रवाह तिला वळसा घालून गेला की मागे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे भोवरा सुटतो आणि नळी दोन्हीकडून ओढली जाते. थरथरून थरथरून शेवटी चिरते. त्यावर मामांनी मऊ रबराच्या पट्ट्या केल्या. त्या नळीभोवती मळसूत्रासारख्या फिरवल्या की भोवऱ्यांची एकी मोडते. प्रवाहाचा जोर वर जास्त, म्हणून पट्ट्या फक्त वरच्या अर्ध्या भागाला.

त्या दिवशी कंपनीचे पाहुणे मामांच्या प्रयोगशाळेत येणार होते. काचेच्या टाकीतली छोटी नळी स्थिर राहिली तर पट्ट्या समुद्रात उतरणार, नाहीतर मामांची कित्येक वर्षांची मेहनत मातीमोल. मामांनी मामींना आणि मला हौसेनं बोलावलं. आम्ही जरा आधीच पोचलो, तिथेच घोळ झाला. टांगून तयार ठेवलेली नळी मामांनी सोडवली आणि मामींच्या हातात दिली.

"हात तर फिरवून बघ."

"पट्ट्या बसवल्यात मात्र सुबक," मामी म्हणाल्या.

मामा फुलून गेले. तेवढ्यात पाहुणे आले, आणि मामांनी घाईघाईत नळी परत टांगली.

पाणी सोडलं. नळी अशी थरथरली की एकीच्या दोन दिसायला लागल्या. पाहुण्यांतल्या प्रमुख बाईंनी पेनाला टोपण लावलं. मी मामांकडे बघितलं. या माणसाला आम्ही जन्मभर चिडवलं, पण त्याला हरलेलं बघवेना.

मामांनी काचेला नाक लावलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, उलटी टांगली! पट्ट्या तळाशी गेल्या, उघडी बाजू वर!"

"असं कसं झालं?" बाईंनी विचारलं.

"गाढवपणा, दुसरं काय! बायकोला दाखवायला काढली होती."

बाई खो खो हसल्या. टोपण पुन्हा निघालं.

नळी सुलटी टांगली. मामा मामींशेजारी येऊन बसले. पाणी तेवढ्याच जोरात सुटलं. नळी जराशी शहारली आणि गप्प उभी राहिली. सगळे तिच्याकडे बघत होते, मामी मात्र खाली बघत होत्या. त्यांनी मला कोपरानं ढोसून दाखवलं. मामांचा उजवा पाय जमिनीला टेकून अगदी शांत होता. मामींच्या डोळ्यांत पाणी आलं.

रात्री जेवताना पेल्यातलं पाणी पुन्हा हिंदकळलं. मी मामींकडे बघितलं. त्यांनी फक्त पेला उचलून हातात धरला.