वाळक्या पानासारखं फुलपाखरू

माझा थोरला भाऊ, अण्णा, आंबोलीच्या जंगलात तापाने गेला तेव्हा मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. शुक्रवार पेठेत आमचं कापडाचं दुकान होतं. ते सोडून अण्णाने जंगलखात्यात वनरक्षकाची नोकरी धरली, म्हणून अप्पांनी, आमच्या वडिलांनी, त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पाच वर्षं. तार पोचेपर्यंत तिकडेच सगळं उरकलं होतं.

महिनाभराने त्याची ट्रंक आली. कपडे, कंदील, एक वही, आणि तळाशी कागदाच्या तिकोनी पुड्या. अप्पांनी एक पुडी उलगडली. आत वाळलेलं पान होतं, मधली शीर, देठ, बुरशीचे ठिपकेसुद्धा. असला कचरा कशाला जपला, असं पुटपुटत त्यांनी ते चिमटीत उचललं आणि त्याचा अर्धा भाग तुटून खाली पडला. पडला तो उलटा. गर्द निळा, मध्ये फिकट पांढरट पट्टा.

ते फुलपाखरू होतं. वहीत अण्णाने लिहिलं होतं, की हे पंख मिटून बसलं की पानांत सापडत नाही, आणि दाट पावसाच्या रानाबाहेर जगत नाही.

अप्पांनी तुटका पंख तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "हे जित्तं बघायचं हाय मला."

पावसाळा सरल्यावर आम्ही कोल्हापूरमार्गे एसटीने आंबोलीला गेलो. अण्णाबरोबर काम केलेला एक म्हातारा वनमजूर आम्हाला रानात घेऊन गेला. एका झाडाच्या खोडातून चीक पाझरत होता. त्यावर ती फुलपाखरं येतात, अण्णा इथंच तासन्‌तास बसायचा, असं त्याने सांगितलं.

अप्पांनी खाली मान घालून विचारलं, "माझ्याबद्दल कधी काय बोलायचा का?"

म्हातारा खोटं बोलला नाही. घरचा विषय अण्णा काढत नसे, म्हणाला. एकदाच बोलला होता, की माझे वडील डोळे मिटून नुसत्या बोटांनी सांगतात, सूत कसलं आहे ते.

तेवढ्यात झाडीतून निळं काही भिरभिरत आलं, खोडावर टेकलं आणि दिसेनासं झालं. मला ते सापडेना. अप्पांनी बोट दाखवलं.

आम्ही दुसऱ्याच दिवशी परत निघणार होतो, पण चार दिवस राहिलो. आजोबा वारले तेव्हाही दुकान इतके दिवस बंद नव्हतं. अप्पा रोज सकाळी त्या झाडापाशी जाऊन बसत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, की परत तोंड दाखवू नकोस असं आपणच अण्णाला म्हणालो होतो. "त्यानं ते खरं मानलं," म्हणाले.

चौथ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. एकही फुलपाखरू आलं नाही. अप्पा दुपारपर्यंत बसले, मग धोतर झटकून उठले आणि म्हणाले, "चल, तुझी आई वाट बघत असंल."