मी म्हणाले, दिल्ली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या जावेला नाही, लेकाला नाही, देवाला तर नाहीच. देवाला सांगायचं म्हणजे त्याच्यापुढं बसावं लागतं, आणि बसलं की त्याच्याआधी माझे गुडघेच बोलायला लागतात. तुम्हाला सांगते. तुम्ही काही आमच्या गावाला, चौसाळ्याला, येऊन भांडणार नाही.

चूक तशी मूर्खपणाची. फोनवर एका मुलीनं विचारलं, हैदराबाद का दिल्ली? आणि मी म्हणाले, दिल्ली. झालं. एवढंच. यात काय एवढं, असं वाटलं ना? — मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

मी तेव्हा चौसष्ट वर्षांची होते. आता एकाहत्तरची आहे. त्या चौसष्टीतल्या बाईकडं आता बघते तर हसू येतं. काय तिचा तोरा! नात विमान चालवणार म्हणून ही बया गिरणीत दळण टाकायला जातानाही इस्त्रीचं लुगडं नेसायची. वरून विमानाचा आवाज आला की कपाळावर हात धरून बघायची आणि म्हणायची, "लई वाकडं चाललंय." जसं काही हिनंच पायलट घडवले! अडाणी म्हणावं तर तसंही नाही, सातवी पास. शहाणी म्हणावं तर — जाऊ द्या.

नात म्हणजे राजी. माझ्या दिलीपची एकुलती एक पोरगी. तिची आई ती चार वर्षांची असताना गेली, तेव्हापासून तिच्या वेण्या मी घातल्या. हायवे रुंद झाला त्यात आमचं रान गेलं, आणि त्याच्या मोबदल्यावर दिलीपनं तिला विमान शिकायला धाडलं. भावकी हसली. दिलीप म्हणाला, रान तर गेलंच, पोरगी तरी वर जाऊ द्या. ती शिकली. एका नव्या, छोट्या कंपनीत लागली. लहान गावांना जाणारी, पंख्याची विमानं होती त्यांची. आणि त्याच वर्षी दिलीपच्या दोन्ही किडन्या बसल्या. आठवड्यातून दोनदा बीडला डायलिसिस.

आता बेस म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. एसटीत प्रत्येक ड्रायव्हरला एक डेपो असतो, गाडी तिथून काढायची आणि तिथंच आणून लावायची. घर कुठंही असो, हजर तिथं व्हायचं. विमानाचंही तेच, फक्त डेपोला बेस म्हणतात. राजीच्या कंपनीत नव्या पोरापोरींनी परीक्षेतल्या नंबरानं बेस मागायचा होता. राजीचा नंबर तिसरा. हैदराबादला जागा चार. म्हणजे तोंडातून शब्द काढला की मिळालं. आणि एकदा घेतला की दोन वर्षं बदली नाही.

तिला हैदराबादच पाहिजे होतं. हैदराबादहून औरंगाबादला जाणारी ट्रॅव्हल्स आमच्या फाट्यावर थांबते. तिथं संध्याकाळी बसलं की सकाळच्या चहाला घरी. महिनाभर ती तेच बोलत होती, दिलीपशी, माझ्याशी, गोठ्यातल्या म्हशीशीसुद्धा.

त्या दिवशी ती दिलीपला घेऊन बीडला गेली. डायलिसिसची खोली तळघरात, तिथं रेंज नसते. म्हणून कंपनीला तिनं माझाही नंबर देऊन ठेवला होता. जाताना म्हणाली, आजी, फोन आला तर एवढंच सांग — हैदराबाद. मी म्हणाले, बरं. एका शब्दाचं काम. लहान लेकरानं केलं असतं.

दुपारी मी ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. माझी धाकटी जाऊ सुला शेजारी. सुलाचा नातू हैदराबादला एसी दुरुस्त करतो. मी राजीचं सांगायला लागले तर ती म्हणाली, "आमचाबी हैदराबादलाच हाय की, अक्का. दोघं एकाच गाडीनं येतील." साधं बोलली बिचारी. पण मला ते लागलं. विमान चालवणारी आणि एसीत तारा घालणारा — एकाच गाडीनं? आणि हैदराबादचं तरी काय कौतुक? माझे सासरे निजामाच्या काळात कोर्टाच्या तारखेला हैदराबादला जायचे, धडप्यात भाकरी बांधून. आमच्याकडं हैदराबाद म्हणजे जुनी कचेरी. दिल्ली म्हणजे — दिल्ली! तिथं राज्य करणारे बसतात. एसटीत तालुक्याच्या डेपोपेक्षा जिल्ह्याचा मोठा, आणि सगळ्यांत मोठा मुंबईचा. मग विमानाचा सगळ्यांत मोठा डेपो कुठला असणार?

आणि तेवढ्यात फोन वाजला.

मुलगी हिंदी बोलत होती, गोड. राजेश्री मॅडमचा फोन लागत नाही, म्हणाली. लिस्ट पाच वाजता बंद होते. पहिली पसंती काय लिहू, हैदराबाद या दिल्ली? माझी हिंदी तोडकीमोडकी, पण ठसक्याची. सुला ऐकत होती. मी मोठ्यानं म्हणाले, "दिल्ली." तिनं विचारलं, "पक्का, मांजी?" मी म्हणाले, "एकदम पक्का. घर में तय हुआ है." फोन ठेवला आणि सुलाकडं न बघता शेंग फोडली. "दिल्लीला घेताहेत राजीला," म्हणाले. सुलाचं तोंड उघडंच राहिलं. त्या उघड्या तोंडासाठी मी हे केलं. दुसरं कारण नाही. सात वर्षं शोधतेय, दुसरं सापडत नाही.

तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. नाही. हा झाला नुसता मूर्खपणा.

चारच्या सुमाराला ती दोघं परत आली. दिलीप तिच्या खांद्याला धरून, पाय ओढत. तिनं त्याला बाजेवर टेकवलं आणि त्याची दवाखान्याची फाईल उलटी करून त्याला दाखवली. येताना फाट्यावर उतरून तिनं चहाच्या हॉटेलात विचारलं होतं, ट्रॅव्हल्स किती वाजता येते, कुठं थांबते, परत कधी जाते. सगळं फाईलच्या पाठीवर लिहून आणलं होतं. दिलीप ते बोटानं वाचत होता. हसत होता तो. डायलिसिस करून आल्यावर तो कधी हसायचा नाही. मग तिनं वळून मला विचारलं, "आला का गं फोन?"

भिंतीवरच्या घड्याळात पाचला पाऊण तास होता. एक फोन केला असता तर सगळं सुधारलं असतं. मला ते कळत होतं. चांगलं कळत होतं.

मी म्हणाले, "आला होता. हैदराबाद भरलं म्हणाली ती बाई. जुन्या लोकांनी घेतलं. दिल्लीच राहिली होती, मी हो म्हणून टाकलं."

जुने लोक जवळचा डेपो घेतात, हे एसटीतलं मला पाठ होतं. म्हणून खोटं बोलायला अडलं नाही. अगदी खरं वाटेल असं बाहेर पडलं. तिनं फाईल सरळ केली आणि खुंटीला अडकवली. मी स्वयंपाकघरात गेले, शेंगदाणे भाजायला घातले. त्या दिवशी ते करपले नाहीत. मला नीट आठवतंय, छान खरपूस झाले होते.

पुढं ती दिल्लीला रुजू झाली, तर पाचव्या नंबरचा मुलगा हैदराबादला! तिनं कंपनीत चौकशी केली. त्या फोनवाल्या मुलीनं खरं ते सांगितलं, की आजीच दिल्ली म्हणाल्या. राजीनं मला फोन केला. "आजी, ती म्हणती तूच दिल्ली म्हणालीस."

ही दुसरी संधी. पहिल्या वेळी घाबरले म्हणाल, मग दुसऱ्या वेळी? दुसऱ्या वेळी मी वेड्याचं सोंग घेतलं. ज्या बाईला सातवी पास असल्याचा एवढा गर्व, ती म्हणाली, "मला कुठं दिल्लीफिल्ली कळती बाई? मी अडाणी. ती बोलली, मी ऐकलं." राजी म्हणाली, तेच म्हटलं मी त्यांना, माझी आजी खोटं बोलायची नाही. तिनं त्या मुलीविरुद्ध लेखी तक्रार दिली. महिन्याभरानं कळलं, ती मुलगी आता तिथं नाही. काढली की गेली, मी विचारलं नाही. तिचं नावही मला माहीत नाही. आवाज गोड होता.

दिल्लीहून यायचं म्हणजे काय, ते नंतर कळलं. कर्मचाऱ्याला विमानात जागा मिळते, पण सगळी माणसं बसून एखादी उरली तर. आमचे हे डेपोतून घरी येताना केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी टेकून यायचे; विमानात म्हणे तसं कुणालाही टेकता येत नाही. राजीला दोन दिवस सुट्टी. त्यातला एक दिवस जागा उरते का बघण्यात जायचा. कधी औरंगाबादपर्यंत यायची, तिथून एसटीनं चार तास, घरी येऊन बापाचे पाय दाबायची, दुसऱ्या दिवशी सकाळी परत. कधी विमानतळावरूनच फोन यायचा — आजी, जागा नाही मिळाली. मी म्हणायचे, असू दे बाळा. आणि फोन ठेवून भाकरी थापायचे.

बीडला दिलीपला मीच न्यायचे. रिक्षात एकदा तो म्हणाला, "आई, दिल्ली लई लांब हाय गं." मी म्हणाले, हो. मी रस्त्याकडं बघत होते. सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या.

तो गेला त्या दिवशी राजी विमानतळावर होती. सकाळचं विमान भरलेलं. दुपारचंही भरलेलं. तिसऱ्यानं ती पुण्याला उतरली आणि तिथून गाडीनं निघाली. दिलीप मरणाआधी बोलून गेला होता, मला पाणी पोरीनं पाजायचं. माणसं थांबली. भावकी हसते, पण थांबलीही तीच. मग दिवस कलला. म्हातारे म्हणाले, आता ठेवू नये. पाणी भावकीतल्या एका पुतण्यानं पाजलं, अग्नीही त्यानंच दिला.

ती आली तेव्हा अंगावर कंपनीचाच पोशाख, खांद्यावर पट्ट्या. चाकाची बॅग दारातल्या खडीत अडकली होती, ती तिथंच सोडून आत आली. बाजेकडं बघितलं आणि मला एवढंच विचारलं, "नेलं?"

मी मान हलवली. मला रडू आलं नाही. अजून येत नाही. लोक म्हणतात, अक्का लई धीराची.

दोन वर्षं पुरी झाली तेव्हा कंपनीचा कागद आला, बेस बदलता येईल. यादीत पहिलं नाव तिचं होतं, आणि हैदराबादला जागा होती. ती सुट्टीला आली होती. ओसरीवर माझ्याजवळ बसून शेंगा फोडत होती, मी फोडते तशाच, अंगठ्यानं. मी म्हणाले, घे की हैदराबाद. तिनं मान हलवली. म्हणाली, आता तिथून कुणाकडं यायचं? तू तर एका दिवसातच मला परत घालवून देतीस. आणि हसली.

सांगायची ती तिसरी वेळ होती. ओसरीवर दोघीच होतो. मी तोंड उघडलंसुद्धा. तिला वाटलं मी तिच्या बापाचं दुःख काढणार आहे. तिनं माझ्या हातातलं सूप काढून घेतलं, त्यातलं फोलपट फुंकलं आणि म्हणाली:

"त्या दिवशी तू फोन उचललास म्हणून दिल्ली तरी भेटली, आजी. न्हाईतर तीबी गेली असती."