सोळा नंबरच्या चॅनलवरची हाक

परवा शनिवारी सासूबाईंना घेऊन पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेले होते. देवळाबाहेर येऊन चप्पल घालत होते, तेवढ्यात फोन वाजला... महेश!

महेश म्हणजे माझा नवरा. मालवाहू जहाजावर ऑफिसर आहे. दर रविवारी न चुकता व्हिडिओ कॉल करतो. या वेळी रविवार कोरडा गेला आणि आठवडाभर नुसता एकच मेसेज... "ठीक आहे, नंतर बोलतो."

शाळेत शिकवताना, भाकरी थापताना, सारखं लक्ष फोनकडे. त्यामुळे आवाज ऐकल्या ऐकल्या आधी चिडलेच. तो म्हणाला, "अगं, ऐक तर."

जहाजावरच्या रेडिओला सोळा नंबरचा एक चॅनल असतो. समुद्रात कुणी संकटात सापडलं की त्यावर हाक मारतं, म्हणून प्रत्येक जहाजाने तो कायम ऐकत राहायचा असतो. त्या रविवारी महेश ड्युटीवर होता आणि त्यावर आवाज आला... "मेडे, मेडे, मेडे." म्हणजे, जीव धोक्यात आहे, धावून या.

मच्छीमारांची बोट होती. इंजिनाच्या बाजूने पाणी शिरलेलं. सगळ्यांत जवळ यांचंच जहाज, म्हणून कॅप्टनने लगेच वळवलं. बोट बुडाली... पण माणसं सगळी वर घेतली.

"मग फोन का नाही केलास?" माझा आवाज आता खाली आला होता.

जहाजावर घरी बोलायला प्रत्येकाला आठवड्याला ठरावीक नेट मिळतं. महेशने आपलं त्या आठवड्याचं सगळं त्या माणसांना देऊन टाकलं होतं. त्यातला एकजण फोन धरून नुसता रडत होता म्हणे, आणि पलीकडून त्याची बायको "बोला ना, बोला ना" करत होती...

सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नाही.

"लेकरा, त्यांला जेवाय घातलं का?"

"घातलं आई. वरण-भात."

"बरं केलास. त्यांच्या घरीबी वाट बघायले आसतील की." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्या सोळा नंबरावरून आमाला बोलता न्हाई येत का रे?"

तो हसला. "न्हाई आई. तिथं घरच्या गप्पा चालत न्हाईत."

"मग कवा येतूस?"

उत्तर यायच्या आत फोन कट झाला. पुन्हा लागलाच नाही.

परभणीला येताना जीपमध्ये सासूबाईंनी माझा हात धरून ठेवला होता, गाव येईपर्यंत.

कुठल्या तरी किनाऱ्यावर त्या रविवारी एका बाईला नवऱ्याचा फोन गेला. तो माझ्या वाटणीचा होता. तिला मिळाला याचं खरंच बरं वाटतं... पण खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं मलाही हवी होती.